सरकारी दवाखान्यातली गोळी संपते कुठं? : वलगावच्या मेडिकलमधून

मी वलगावहून बोलतोय. परतवाडा रोडवरचं आपलं वलगाव. इथंच पेढी नदीजवळ २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरही लोकांकडूनच काढून घ्यायचे. आज आपणही तसंच करू. प्रश्न एकच आहे : सरकारी दवाखान्यातली गोळी संपते कुठं?

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. माझं मेडिकल आहे. सरकारी गोळी संपली की माझा गल्ला वाढतो. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक चिठ्ठी घेऊन येतात, "भाऊ, दवाखान्यात गोया नाही म्हनते, तुमच्याकडं कितीले पडते?" म्हणजे तुटवड्यात माझा फायदाच आहे. तरी बोलतोय, कारण त्यातले अर्धे लोक किंमत ऐकून "चार दिवसाच्याच द्या" म्हणतात. बीपीची गोळी चार दिवस घ्यायची आणि दहा दिवस बंद ठेवायची, यातून लकवा होतो. तो झाला की पुऱ्या घराचं कंबरडं मोडतं. कोणत्या दवाखान्याचं नाव मी घेणार नाही. हा एका दवाखान्याचा विषयच नाही.

आता गोळीचा रस्ता पाहू. प्राथमिक आरोग्य केंद्र चालवते जिल्हा परिषद. साध्या भागात ३०,००० लोकांमागं एक केंद्र, मेळघाटासारख्या आदिवासी भागात २०,००० मागं एक, असा निकष आहे. केंद्रात १७२ आणि उपकेंद्रात १०५ औषधं असावीत, अशी राष्ट्रीय आरोग्य अभियानाची यादी सांगते. साठ्याची नोंद 'ई-औषधी' नावाच्या संगणक प्रणालीत होते. केंद्र मागणी टाकतं, जिल्ह्याच्या भांडारातून माल येतो आणि भांडारात माल राज्याच्या खरेदीतून येतो.

ही राज्याची खरेदी काही वर्षांत दोनदा हलली. २०१७ मध्ये ती हाफकिनकडे दिली. हो, तेच हाफकिन, जे सापाच्या विषावरची लस बनवतं. लस बनवणं आणि सगळ्या राज्यासाठी हजारो वस्तूंच्या निविदा काढणं, ही दोन वेगळी कामं आहेत. निविदा रखडल्या, तक्रारी वाढल्या. मग २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभं केलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. निर्णय चांगलाच होता. पण दार मोफत उघडलं की रांग वाढते, आणि इकडं खरेदीचं घर अजून बांधायचंच चाललेलं.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा नव्हता, असं प्रशासन म्हणालं. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि तपासात नव्या खरेदी प्राधिकरणाचाही विषय निघाला. न्यायालयाला सांगावं लागलं की प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य अधिकारी नेमा. नांदेडचं रुग्णालय मोठं होतं म्हणून पेपरात आलं. खेड्यात एका म्हातारीची गोळी संपली तर त्याची बातमी होत नाही.

आता पैशाचं पाहू. हा भाग जरा रुक्ष आहे, पण ऐका. आरोग्य अभियानाचा खर्च २०१५-१६ पासून केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० असा वाटला जातो. पूर्वी केंद्राचा वाटा ७५ होता. १ जुलै २०२१ पासून केंद्राच्या योजनांसाठी आणखी एक बदल झाला. राज्यात योजनेचं एकच मुख्य खातं, आणि खाली सगळ्यांची शून्य शिल्लक असलेली खाती. खालच्याला खर्चाची मर्यादा मिळते, पैसा हातात पडत नाही. आधी निधी ठिकठिकाणच्या खात्यांत पडून राहायचा, ते यानं थांबलं. पण आधी एखाद्या खात्यात चार पैसे शिल्लक असले तर अडीअडचणीत चालून जायचं. आता वरचा हप्ता लांबला की खालचे सगळे एकदमच थांबतात.

केंद्राच्या हातात स्वतःचं काय? वर्षाला साधारण १ लाख ७५ हजार रुपयांचा मुक्त निधी, रुग्ण कल्याण समितीचे पैसे धरून. ३०,००० लोकांत वाटा. माणशी वर्षाला सहा रुपयेही येत नाहीत! यातच नळदुरुस्ती, साफसफाई आणि अडल्या वेळेची औषधंही.

"मग सरळ गावातूनच घ्या ना औषधं!" असं कुणी म्हणेल. अडल्या वेळी घ्यावीच. पण घाईच्या खरेदीत तपासणी निसटते. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांत बनावट अँटिबायोटिक सापडलं. तपासात त्यात औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च निघाल्याचं पोलिसांनी सांगितलं. म्हणून औषध वेळेवर यायला पाहिजे आणि तपासूनही यायला पाहिजे.

तामिळनाडूनं हे कसं केलं? तिथं १९९४ मध्ये औषध खरेदीचं महामंडळ स्थापन झालं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक. त्यात त्या दवाखान्याच्या वाट्याची रक्कम लिहिलेली, औषध उचललं की तेवढी वजा. आपल्या वाट्याचं किती उरलं, हे डॉक्टरला घरच्या हिशोबासारखं कळतं.

आता आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. केंद्राची पुढची मागणी बरेचदा मागच्या खपावरून ठरते. समजा महिन्याला १,००० गोळ्या लागतात. दोन महिने मालच आला नाही, तर रजिस्टरवर खप शून्य. वर्षाची सरासरी काढली की मागणी आपोआप कमी दिसते, मग पुढच्या खेपेला मालही कमी येतो. म्हणजे एक तुटवडा पुढचा तुटवडा जन्माला घालतो! आणि "नाही" ऐकून गुपचूप परत जाणारा माणूस कोणत्याच कागदावर दिसत नाही.

म्हणून तुमच्यासाठी चार कामं. काम पहिलं : घरच्या कुणाला औषध मिळालं नाही तर केसपेपरवर "उपलब्ध नाही" असं लिहून मागा. भांडायचं नाही. फार्मासिस्टच्या हातात निविदा नसते, त्याला ही नोंद उपयोगीच पडते. कागदाचा फोटो तारखेसह ठेवा. दुसरं : १०४ वर फोन करून तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपा. तिसरं : ग्रामसभेत गाव आरोग्य समितीच्या वर्षाच्या १०,००० रुपयांचा हिशोब विचारा. बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले, तेव्हा तर प्रश्न नेमका कुणाला विचारायचा हाच प्रश्न झाला. अशा वेळी ग्रामसभा आपल्या हातातली आहे. चौथं : मध्ये खंड पडू देऊ नका. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात किंवा माझ्यासारख्याकडं स्वस्तातलं जेनेरिक मागा. दुकानदार काचकूच करील, तुम्ही मागाच.

आणि हे आपल्याला नवीन नाही. महाराष्ट्रात २००७ मध्ये आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपली अमरावती होती. गावचे लोक दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. तेव्हा हे सारं कागदावर चालायचं. तुमच्या खिशात तर कॅमेरा आहे.

पावसाळ्याआधी एक करून पाहा. आपल्या केंद्रात सर्पदंशाची लस किती आहे, फक्त एवढं विचारून या. साप चावल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. काय उत्तर मिळालं ते मला कळवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू. येतो मग!