घर्षणाचा बाण

(हीरक महोत्सवी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या ६० वर्षांचा आढावा आपण आताच ऐकला. मी केवळ एक गणित सांगणार आहे. त्यात चूक माझी होती.

गुळगुळीत टेबलावर ५ किलोग्रॅमचा ठोकळा, त्यावर २ किलोग्रॅमचा दुसरा. खालच्या ठोकळ्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेच्या हलक्या कप्पीवरून खाली सोडलेली आणि तिच्या टोकाला १ किलोग्रॅमचे वजन टांगलेले. दोन ठोकळ्यांमधील घर्षणांक ०.३. वरच्या ठोकळ्यावर घर्षण बल किती व कोणत्या दिशेने?

एका विद्यार्थिनीने घर्षणाचा बाण पुढे, कप्पीच्या दिशेने काढला आणि उत्तर लिहिले २.५ न्यूटन. ‘घर्षण गतीला विरोध करते’ हे वाक्य मला इतके पाठ होते, की मी तांबड्या शाईने बाण उलटा केला आणि ६ न्यूटन लिहिले. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. म्हणाली, “बाई, वरच्या ठोकळ्याला दोरी बांधलेलीच नाही. मग तो पुढे जातो तो कोणाच्या बळावर?”

मी निरुत्तर झाले. त्या रात्री गणित पुन्हा मांडले. गुरुत्व त्वरण १० धरले, तर ओढणारे बल १० न्यूटन आणि हलणारे एकूण वस्तुमान ८ किलोग्रॅम. म्हणून त्वरण १.२५. वरच्या २ किलोग्रॅमला तेवढे त्वरण देण्यास २.५ न्यूटन बल हवे, आणि ते देणारे घर्षणावाचून तेथे दुसरे कोणी नाही. घर्षण विरोध करते ते पृष्ठभागांच्या परस्परांवरून घसरण्याला. ६ न्यूटन ही केवळ त्याची कमाल मर्यादा. तोवर ते गरजेपुरतेच लागते. टांगलेले वजन ३ किलोग्रॅम केले, की त्वरण ३ होते आणि ती मर्यादा गाठली जाते. त्याहून वजन वाढले, तर वरचा ठोकळा मागे घसरू लागतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर चूक कबूल केली आणि तिचे गुण तिला परत दिले.

पालकहो, महाराष्ट्राबाहेर राहून मुलाला मराठी शाळेत घालताना ‘पुढे विज्ञान झेपेल ना?’ ही शंका आपल्या मनात येते. ती रास्त आहे. पुढे इंग्रजी संज्ञा शिकाव्या लागतात, त्याला कष्ट पडतात. परंतु ‘कोणाच्या बळावर?’ हा प्रश्न त्या मुलीने पुस्तकातून उचललेला नव्हता. तो तिच्या घरच्या बोलण्यातला होता. न्यूटनचा दुसरा नियमही नेमके हेच विचारायला लावतो.

आज घरी गेल्यावर जाड पुस्तकावर वही ठेवा. पुस्तक हळू ओढा, मग एकदम हिसका द्या. वही केव्हा सोबत येते व केव्हा मागे राहते, ते मुलांना पाहू द्या. आणि कारण त्यांच्याच शब्दांत ऐका.