गर्भाचे पहिले सात दिवस

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मुंबईत प्रजनन-जीवशास्त्रात एम.एस्सी. केलं. घरी सांगितलं तेव्हा काकूनं विचारलं, "म्हणजे सुईणीचं शिक्षण का गं?" समजावायचा कंटाळा आला म्हणून मी हो म्हटलं. खरं तर ते दोन वर्षांचं शिक्षण म्हणजे मुख्यतः गर्भाच्या पहिल्या सात दिवसांचा अभ्यास. त्याबद्दलच आज बोलणार आहे.

'बीज पुरुषाचं, शेत बाईचं' हे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याचं बीज त्याचं पीक, म्हणून मुलांवर हक्क बापाचा. या प्रतिमेमागचं राजकारण लीला दुबे यांनी १९८६ साली उलगडून दाखवलं. माझ्यापुरती ही प्रतिमा प्रयोगशाळेत मोडली. बीज दोघांचं असतं. प्रत्येकाकडून २३ गुणसूत्रं येतात. मुलगा की मुलगी हे शुक्रपेशीतल्या गुणसूत्रावर ठरतं, हे आपण सभांमधून सांगतोच. पण पुढचं फारसं सांगत नाही. शुक्रपेशीला स्त्रीबीजात शिरण्याची क्षमता बाईच्या शरीरात काही तास राहिल्यावरच येते. आणि फलनानंतरचे पहिले दोन-तीन दिवस, चार ते आठ पेशी होईपर्यंत, भ्रूण मुख्यतः स्त्रीबीजात साठवलेल्या शिधोरीवर चालतो. मग त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात. पाचव्या दिवशी शंभरएक पेशींचा पोकळ गोळा होतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो.

पण बरेच भ्रूण तिथवर पोचतच नाहीत. मी ते रोज बघत होते. काल सहा पेशी होत्या, आज सकाळीही सहाच. गुणसूत्रांच्या वाटणीत चूक होते आणि वाढ थांबते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गुणसूत्रांचाच दोष असतो.

अशाच एका सकाळी मला आत्या आठवली. तिचे तीन गर्भ लागोपाठ पडले. ग्रहणात तिनं विळी हातात घेतली होती, असं सासूनं गावभर केलं. नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि आत्या कायमची माहेरी आली. सुट्टीत मी तिला चित्रं काढून सगळं समजावलं. तुझ्या बाबतीत नेमकं काय झालं ते आता कळणार नाही, पण विळीमुळे काही झालं नाही, हेही सांगितलं. ती बराच वेळ चित्र बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांचं कधी तपासलंच नाही गं कुणी."

मूल होत नाही म्हणून बाईच्या नळ्या तपासतात, दुर्बीण घालतात. नवऱ्याची वीर्यतपासणी त्या मानानं किती साधी! तरी आजही ती कितीदा शेवटी होते.

आता थोडं माझ्याकडे बोट दाखवते. प्रशिक्षणासाठी मी एका खाजगी केंद्रात होते. बीज देणाऱ्या बायका यायच्या. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग भूल देऊन बीजं काढायची. माझ्या हातात यायची काचेची बशी आणि एक नंबर. मी बीजं मोजली, दर्जा लिहिला. ती बाई शुद्धीवर आली का, घरी कशी गेली, हे एकदाही विचारलं नाही. अभ्यासक्रमात तो प्रश्न नव्हता, आणि मलाही तो सुचला नाही.

२०२१ च्या कायद्यानुसार बीज देणारी बाई २३ ते ३५ वर्षांची हवी. आयुष्यात एकदाच देता येतं, सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. बीज घेणाऱ्यांनी तिचा बारा महिन्यांचा विमा उतरवायचा असतो. वस्तीतल्या बायकांना हे कुणी सांगितलंय का? केंद्रवाले आपणहून सांगतील, या भरवशावर राहू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या आरोग्य-शिबिरांत पाळीच्या तक्त्याशेजारी या सात दिवसांचाही तक्ता लावूया. तो काढायला मी तयार आहे. आणि गर्भ पडलेल्या बाईला "काय उचललंस, काय खाल्लंस?" असं विचारणं आधी आपल्यापासून बंद करूया.