कॅमेऱ्याच्या पोटांतील विद्युत्घट



कल्याणपासून विठ्ठलवाडीपर्यंतच्या कितीतरी घरांत वडिलांच्या वेळचा एखादा कॅमेरा जपून ठेवलेला आढळतो. तो आग्फा क्लिकसारखा साधा असेल तर त्याला विजेची गरजच नाहीं. पण १९६०-७० च्या सुमाराच्या अनेक कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक पाऱ्याच्या घटावर चालत असे. या घटाचा दाब १.३५ व्होल्ट, आणि घट संपत येईपर्यंत तो जवळजवळ ढळत नसे. हाच त्याचा मोठा गुण. पारा विषारी म्हणून १९९० नंतरच्या दशकांत युरोप-अमेरिकेंत हे घट बंद झाले. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाईन सेल त्या जागीं बसतो खरा. परंतु दाब अधिक झाल्यानें मापक बहुधा प्रकाश वाढवून सांगतो आणि चित्र काळवंडतें. श्रवणयंत्रांतील जस्त-वायूचा घट दाबानें जवळचा आहे. मात्र त्यावरील चिकटपट्टी काढली कीं तो थोड्याच आठवड्यांत संपतो.

साधा अल्कलाईन पेन्सिल सेल स्वस्त व सर्वत्र मिळणारा. पण तो कॅमेऱ्यांत विसरून राहिल्यास पाझरतो, आणि त्यांतील क्षार धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतो. पुन्हा भारतां येणारा निकेल-मेटल-हायड्राइड सेल १.२ व्होल्टचाच, तरी जोराचा प्रवाह देण्यांत तो सरस, म्हणून फ्लॅशसाठीं उत्तम. ३ व्होल्टचा लिथियम घट वर्षानुवर्षें टिकतो. तो मात्र कधींही भारूं नये. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांतील लिथियम-आयन घट १९९१ मध्यें सोनीनें बाजारांत आणला, आणि त्यामागील संशोधनास २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हा घट फुगलेला दिसला तर त्याचा वापर तत्काळ थांबवावा.

आतां खरी काळजीची गोष्ट. चपटा लिथियम घट मुलानें गिळल्यास दोन तासांच्या आंत अन्ननलिका भाजूं शकते. अशा वेळीं क्षणभरही न थांबतां रुग्णालय गांठावें. लिथियम-आयन घट कचऱ्यांत चिरडला गेल्यास पेट घेतो. जुना पाऱ्याचा घट उघड्यावर पडला तर त्यांतील विष पावसाबरोबर नाल्यांत उतरतें. विठ्ठलवाडीजवळून वाहणारी वालधुनी आधींच दूषित आहे, आणि ती पुढें उल्हास नदीस मिळते. भारत सरकारच्या २०२२ च्या नियमांनीं वापरलेले घट परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु घट तेथवर पोंचविण्याचें पहिलें पाऊल गृहस्थानेंच टाकावयाचें आहे. कॅमेरा कपाटांत ठेवण्यापूर्वी घट बाहेर काढा, त्याच्या टोकांस चिकटपट्टी लावा, मुलांच्या हातीं लागणार नाहीं असा ठेवा, आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राच्याच स्वाधीन करा. एवढ्यानें कॅमेराही वांचेल आणि नदीवरील भारही थोडा हलका होईल.