सानलूकारचे अठरा, आणि बाकीचे

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाचे वर्ष हे कोणत्याही शाळेत याद्यांचे वर्ष असते. पहिल्या तुकडीत कोण होते, पहिला वर्ग कोणी घेतला, इमारतनिधीची पहिली पावती कोणाच्या नावाने फाटली, यासाठी जुनी हजेरीपत्रके कपाटातून बाहेर निघतात. काही नावे सापडतात, काही वाळवीने नेलेली असतात, आणि काही मुळात कोणी लिहूनच ठेवलेली नसतात. ज्या गावाविषयी आज बोलायचे आहे, ते गाव अशाच एका यादीचा मान पाचशे वर्षे मिरवीत आले आहे. यादीत नावे फक्त १८ आहेत.

गावाचे नाव सानलूकार दे बारामेदा. स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, ग्वादालकिविर नदी जिथे अटलांटिक महासागराला मिळते, तिथे डाव्या तीरावर ते वसले आहे. समोरच्या तीरावर वस्ती जवळपास नाहीच. तिथे दोन्यानाचे वाळूचे डोंगर, पाणथळ आणि पाखरे. नदीतून सुमारे ९० किलोमीटर आत गेले की सेव्हिल लागते. त्या काळी पश्चिमेच्या नव्या मुलुखांशी होणारा स्पेनचा सारा व्यापार सेव्हिलच्या दप्तरात नोंदला जाई; पण खाऱ्या पाण्याची वाट मात्र सानलूकारच्या हाती होती. नदीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा मोठा उंचवटा आहे. भरतीची वेळ आणि तिथला माहीतगार वाटाड्या यांच्यावाचून तो ओलांडणे म्हणजे जहाज गमावणे. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी गाळाने अडलेली वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. कोलंबसाची तिसरी सफर १४९८ साली याच मुखातून निघाली होती. जहाजांनी इथे थांबायचे, पाणी आणि शिधा भरायचा, वारा पाहायचा आणि मग देवाचे नाव घेऊन बाहेर पडायचे, असा क्रम होता.

१५१९ च्या उन्हाळ्यात या मुखाशी पाच जहाजे येऊन थांबली : त्रिनिदाद, सान आंतोनियो, कन्सेप्सियोन, व्हिक्टोरिया आणि सांतियागो. त्यांचा प्रमुख फर्डिनांड मॅगेलन हा मूळचा पोर्तुगीज. हिंदुस्थानच्या किनाऱ्याशी त्याची ओळख जुनी होती. १५०५ साली आल्मेदाच्या आरमारातून तो इकडे आला, १५०९ च्या दीवच्या लढाईत होता, १५११ साली मलाक्का घेणाऱ्यांतही होता. पुढे पोर्तुगालच्या राजाने त्याची कदर केली नाही, म्हणून तो १५१७ साली स्पेनला आला आणि तरुण राजा चार्ल्सपुढे त्याने एक योजना मांडली. पोर्तुगीज लोक आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडून मोलुक्का बेटांवर जातात. स्पेनने पश्चिमेकडून जावे. मोलुक्का बेटांवर लवंग पिकत होती. आज मसाल्याच्या डब्यात जी चार-सहा पडलेली असते, त्या लवंगेसाठी हा सारा खटाटोप होता. पृथ्वीप्रदक्षिणा हा त्या मोहिमेचा हेतूच नव्हता, ही गोष्ट उत्सवी भाषणांत सहसा विसरली जाते. पश्चिमेने जायचे आणि शक्यतो त्याच वाटेने परतायचे, एवढीच आज्ञा होती.

१० ऑगस्टला सेव्हिल सोडलेली ही जहाजे २० सप्टेंबरपर्यंत समुद्रात गेली नाहीत. मधल्या दिवसांत मॅगेलनने सेव्हिलमध्ये आपले मृत्युपत्र केले. सफरीचा इतिहास लिहिणारा पिगाफेता नावाचा इटालियन गृहस्थ सांगतो की, खलाशी रोज किनाऱ्यावर उतरून बारामेदाच्या मातेच्या देवळात प्रार्थनेला जात. जहाजांवर सुमारे २४० माणसे होती. ती सगळी स्पॅनिश नव्हती : पोर्तुगीज, इटालियन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन, फ्लेमिश असा सर्व बाजूंचा भरणा होता. तोफा चालवणारे होते, सुतार होते, न्हावी होते. आणि कोवळ्या वयाची, झाडलोट करणारी, वाळूचे घड्याळ उलटणारी पोरेही होती.

पुढची हकीकत शालेय पुस्तकांत आहे, म्हणून ती थोडक्यात पुरे. दक्षिण अमेरिकेच्या थंडगार किनाऱ्यावर बंड झाले आणि ते निष्ठुरपणे मोडले गेले. सांतियागो फुटले. सान आंतोनियो सामुद्रधुनीतून पाठ फिरवून सुमारे ५५ माणसांसह स्पेनला परतले. उरलेली तीन जहाजे २८ नोव्हेंबर १५२० रोजी त्या अफाट पाण्यात शिरली, ज्याला त्यांनी शांत समुद्र म्हटले. तीन महिन्यांहून अधिक काळ ताजे अन्न नव्हते. किड्यांनी पीठ केलेली बिस्किटे, पाण्यात भिजवून मऊ केलेले डोलकाठीवरचे कातडे, लाकडाचा भुसा आणि विकत मिळाले तर उंदीर, असा आहार पिगाफेताने नोंदवला आहे. हिरड्या सुजून माणसे मेली. २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपिन्समधील मक्तान बेटावर लापुलापु या सरदाराच्या लोकांशी झालेल्या चकमकीत मॅगेलन मारला गेला. ज्याच्या नावाने प्रदक्षिणा ओळखली जाते, त्याची ती पुरी झालीच नाही.

नेतृत्व अखेरीस हुआन सेबास्तियन एल्कानो याच्याकडे आले. हा बास्क मुलुखातल्या गेतारियाचा खलाशी. दक्षिणेतल्या बंडात सामील होऊन माफी मिळवलेला. २१ डिसेंबर १५२१ रोजी तो तिदोरे बेटावरून व्हिक्टोरिया घेऊन निघाला. पोटात लवंग भरलेली, बरोबर ६० माणसे, आणि पुढची वाट पूर्णपणे पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या समुद्रांतून. कुठेही बंदर घ्यायची सोय नव्हती. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून, किनाऱ्याच्या दूर राहून तो आफ्रिकेच्या टोकापर्यंत गेला. उपासमार असह्य झाली तेव्हा जुलै १५२२ मध्ये केप व्हर्द बेटांवर त्याला थांबावे लागले. तिथे खोटी कथा सांगून तांदूळ मिळाला. पण बिंग फुटले आणि किनाऱ्यावर गेलेली १३ माणसे पोर्तुगीजांनी धरून ठेवली. एल्कानोने नांगर उचलला आणि त्यांना मागे ठेवून तो निघाला. त्या क्षणी दुसरे काही करणे शक्य होते असे वाटत नाही. तरी मागे राहिलेल्यांना काठावरून ते शीड दूर जाताना कसे दिसले असेल, याचा विचार करणारे थोडे.

याच बेटावर एक विलक्षण गोष्ट उघड झाली. जहाजावरच्या नोंदीप्रमाणे तो बुधवार होता. काठावरच्या लोकांनी सांगितले की आज गुरुवार. पिगाफेता गोंधळून गेला, कारण त्याने एकही दिवस नोंद चुकवली नव्हती, आणि हिशेबात चूकही नव्हती. सूर्याच्या मागे मागे पश्चिमेकडे जाणाऱ्याचा प्रत्येक दिवस किंचित लांबतो. पूर्ण फेरी झाली की हे तुकडे मिळून एक अख्खा दिवस कमी भरतो. पृथ्वी गोल आहे हे विद्वानांना आधीपासून ठाऊक होते. त्या गोलाईची किंमत एक बुधवार आहे, हे मात्र प्रथम या भुकेल्या खलाशांना कळले. भूगोलाच्या तासाला आंतरराष्ट्रीय वाररेषा शिकताना ज्यांचा गोंधळ उडाला असेल, त्यांनी वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

६ सप्टेंबर १५२२. सानलूकारच्या मुखाशी गळके, फाटक्या शिडांचे व्हिक्टोरिया येऊन लागले. त्यावर १८ युरोपीय माणसे होती, आणि मोलुक्कातून बरोबर आलेले काही बेटवासी. त्याच दिवशी, जहाजावरूनच, एल्कानोने सम्राटाला पत्र लिहिले. या सफरीचा सर्वांत मोठा वारसा कोणता, असे विचारले तर त्या पत्राकडे बोट दाखवावे लागेल. पश्चिमेने जाऊन पूर्वेने परतलो, पृथ्वीच्या गोलाईला फेरी घातली, हे त्यात आहेच. किती माणसे उरली तेही आहे. पण मानपान मागण्याबरोबरच त्याने सम्राटाकडे आणखी एक गोष्ट मागितली : केप व्हर्दला धरलेल्या त्या १३ जणांना सोडवा. इतकी वर्षे ज्यांच्याबरोबर काढली त्यांच्यासाठी किनाऱ्याला लागता लागता लिहिणारा हा माणूस आयुष्यात एकदा बंडखोर होता, हे लक्षात ठेवले की त्या पत्राला वेगळेच वजन येते. सम्राटाच्या मध्यस्थीने ते १३ जण पुढे सुटले.

८ सप्टेंबरला व्हिक्टोरिया सेव्हिलला पोहोचले. दुसऱ्या दिवशी ही माणसे अनवाणी, हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन देवळात गेली. जहाजातली सुमारे २५ टन लवंग विकली गेली आणि मोहिमेच्या खर्चाचा मोठा भाग त्यातून निघाला. एल्कानोला राजचिन्ह मिळाले. त्यावर पृथ्वीचा गोल होता आणि मला पहिला वळसा तू घातलास, अशा अर्थाचे लॅटिन शब्द. चार वर्षांनी तो दुसऱ्या मोहिमेवर असताना प्रशांत महासागरातच मरण पावला.

सानलूकार आज ज्या १८ नावांचा मान करते, त्यांत पिगाफेता आहे, ग्रीक सुकाणूकार फ्रान्सिस्को आल्बो आहे, आखेनचा जर्मन तोफची हान्स आहे, मेरिदाचा न्हावी बुस्तामान्ते आहे आणि सुबिलेता नावाचे हरकाम्या पोरही आहे. सरदार-उमरावांच्या देशात एका न्हाव्याचे आणि एका पोऱ्याचे नाव पाच शतके टिकले, ही साधी गोष्ट नव्हे. पण यादी तिथेच संपवणे अन्याय ठरेल. मॅगेलनने मलाक्काहून आणलेला एनरिके नावाचा गुलाम दुभाष्याचे काम करीत होता. मालकाच्या मृत्युपत्राने त्याला स्वातंत्र्य दिले होते, ते जिवंत राहिलेल्यांनी नाकारले. आणि सेबू बेटावरील कत्तलीनंतर तो इतिहासातून नाहीसा झाला. तिथून तो मलाक्काला पोहोचला असेल, तर प्रदक्षिणा पुरी करणारा पहिला माणूस तोच. व्हिक्टोरियावरून उतरलेल्या बेटवासीयांना तर त्या १८ मध्ये जागाच मिळाली नाही.

या मानाच्या वाटणीवरून भांडणेही झाली. पाचशेवे वर्ष जवळ आले तेव्हा पोर्तुगालने मॅगेलनच्या मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा मिळावा म्हणून हालचाल केली. स्पेनमध्ये नाराजी उसळली. २०१९ मध्ये स्पेनच्या इतिहास अकादमीने ही सफर पूर्णपणे स्पॅनिश होती असा निर्वाळा दिला. अखेर दोन्ही सरकारांनी संयुक्त प्रस्तावाचा मार्ग पत्करला. २०२१ मध्ये फिलिपिन्सने मक्तानचे पाचशेवे वर्ष आपल्या विजयाचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि त्यांच्या बाजूने ते रास्तच होते. निम्म्या जगातून माणसे गोळा केलेल्या जहाजांवर एका देशाचा हक्क सांगायचा, हा अट्टहास मात्र हास्यास्पद वाटतो.

सानलूकारने स्वतः या वादात फार पडण्याचे कारण नव्हते. समुद्रपार व्यापाराची कचेरी १७१७ साली सेव्हिलहून कादिसला गेली आणि नदीच्या मुखाचे महत्त्व ओसरले. गाव कोळ्यांचे आणि द्राक्षमळ्यांचे राहिले. समुद्राच्या दमट हवेत पिंपांमध्ये मुरणारी मान्सानिया ही तिथली मदिरा, खाडीच्या मुखातली कोळंबी, १८४५ पासून ओहोटीच्या वाळूवर होणाऱ्या घोड्यांच्या शर्यती, यांसाठी आज लोक तिथे जातात. परतीला पाचशे वर्षे झाली त्या २०२२ साली सानलूकारला स्पेनच्या पाककलेच्या राजधानीचा मान मिळाला. लवंगेसाठी निघालेल्या सफरीची आठवण जेवणाच्या ताटावर निघावी, यात विसंगती काहीच नाही.

राहता राहिले ते त्रिनिदाद. तिदोरेला गळती लागल्यामुळे ते मागे थांबले. त्याचा कप्तान गोन्सालो गोमेस दे एस्पिनोसा याने उलट्या दिशेने प्रशांत महासागर ओलांडण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि माणसे मरत मरत जहाज पोर्तुगीजांच्या हाती पडले. उरलेल्यांना बेटाबेटांवरून, मलाक्कावरून, शेवटी कोचीला आणले गेले. १५२५ च्या जानेवारीत एस्पिनोसाने कोचीहून सम्राटाला पत्र लिहून आपली दैना कळवली. त्याच्या सोबत्यांपैकी हिनेस दे माफ्रा हा अनेक वर्षांनी घरी पोहोचला, तेव्हा तो मेला असे समजून बायकोने दुसरे लग्न केले होते आणि त्याची चीजवस्तू विकून टाकली होती. त्रिनिदादवरून परतणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. एस्पिनोसाला निवृत्तिवेतन जाहीर झाले, पण कैदेतल्या वर्षांचा पगार द्यायला सरकारी कचेरी तयार होईना. त्या काळात तो नोकरीवर नव्हता, असे तिचे म्हणणे. पुढे त्याला पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजांचा तपासनीस नेमले गेले. सेव्हिलहून नदीने सानलूकारकडे निघणाऱ्या गलबतांचे तळ, दोर आणि शिध्याची पिंपे तो तपासून पाहू लागला.