हसायचं कोणाला?

(पथनाट्य शिबिरात केलेलं भाषण)



काल रात्री आपल्या पोरांनी नाटक करून दाखवलं. दारू पिऊन झिंगणारा आदिवासी आला आणि सगळे पोट धरून हसले. मीपण हसलो. पण नंतर झोप लागेना. साहेब लोक आपल्याला असेच हसतात ना?

म्हणून आज एक गोष्ट सांगतो. आयर्लंड नावाचा देश आहे. तिथं इंग्रजांचं राज्य होतं. कितीतरी जमीनदार इंग्लंडात राहायचे. कसणारा उपाशी, आणि खंड समुद्रापार! १७२९ साली जोनाथन स्विफ्ट या लेखकाने एक पुस्तिका छापली. तो डब्लिनमधल्या मोठ्या चर्चचा प्रमुख होता. त्याने गरिबीवर उपाय सांगितला: गरिबांची वर्षाची पोरं श्रीमंतांना खायला विका. किती पोरं, काय भाव, कातड्याचं काय करायचं, सगळा हिशोब सरकारी अहवालासारखा, थंड डोक्याने.

अंगावर काटा येतो. पण त्याचं म्हणणं असं, की आईबापांना तर जमीनदारांनी आधीच खाल्लंय. मोठे लोक गरिबाला माणूस नाही, आकडा धरत होते. स्विफ्टने त्यांचाच हिशोब एक पाऊल पुढे नेला. खरे उपायही त्यातच लिहिले: परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवा, कुळांवर दया करा, देशातलाच माल वापरा. फक्त लिहिताना म्हणाला, असले उपाय मला कोणी सांगू नका!

आपल्याकडे असा उलटा हिशोब रोजच चालतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत म्हाताऱ्या माणसांचा जबाबही पुरावा आहे. तरी साहेब विचारतो, प्लॉटची दंडाची पावती कुठंय? म्हणजे ज्याला पकडून दंड केला, त्याच्याकडे कागद. ज्याच्याकडून गार्डने कोंबडी नेली, त्याला पावती नाही, म्हणून जमीनही नाही! हेच साहेबाच्या तोंडी घाला, अगदी गंभीर चेहऱ्याने: "बाबा, आधी गुन्हेगार असल्याचा दाखला आणा, मग मालक करतो." लोक हसतील, पण साहेबाला हसतील. आणि घरी जाऊन आपापला दावा काढून बघतील.

एक ध्यानात ठेवा. उलटं बोलायचं ते नाटकात. दाव्यात नाव, जागा, साल सरळ आणि खरंच लिहायचं.

आज रात्री नाटक पुन्हा बसवू. दारुड्याला घरी पाठवू, साहेबाला उभा करू.

जिंदाबाद!