राखेतला धातू कोणाचा?



विषय काहींना अशुभ वाटेल. परंतु जेथे आपणां सर्वांस एक दिवस जावयाचे आहे, तेथल्या व्यवहाराविषयी एकदा शांतपणे बोललेले बरे.

गुडघा झिजला, खुबा मोडला, तर आज तो बदलता येतो. हे नवे सांधे टायटॅनियमचे किंवा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे असतात. दहनभट्टीचे उष्णतामान साधारणतः ८०० ते १००० अंश सेल्सियस. टायटॅनियम वितळावयास १६०० हून अधिक अंश लागतात. तेव्हा देह जातो, सांधा मागे राहतो.

त्याचे करावयाचे काय? नेदरलंड्समध्ये १९९७ साली ऑर्थोमेटल्स नावाची कंपनी निघाली. दहनगृहांतून हे धातू गोळा करावयाचे, जातवार निवडावयाचे आणि वितळवून पुन्हा कामास लावावयाचे, हा तिचा व्यवसाय. ब्रिटनमध्येही दहनभूमी-व्यवस्थापकांच्या संस्थेने अशी योजना चालविली आहे. तेथे आप्तांची संमती घेतात आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम धर्मादाय संस्थांना देतात.

याची दुसरी बाजू जर्मनीत दिसली. हांबुर्गच्या दहनगृहातील कामगारांनी राखेतले दातांचे सोने परस्पर उचलले. देह जळाल्यावर उरलेले सोने कोणाचे? २०१५ साली तेथील सर्वोच्च फौजदारी न्यायपीठाने सांगितले, की देहाशी घट्ट जोडलेले जे जळत नाही, तेही राखच होय; ते लाटणे हा मृताच्या शांततेचा भंग आहे.

हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. मृताच्या मुखात तुळशीपत्र व सोन्याचा कण ठेवण्याची रीत आपल्याकडे आहेच. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा खाणीचे काम सुटल्यावर पोटासाठी राख चाळू लागतो. त्याला दोष देणे सोपे; पण ती राख चाळावयास लावणारी भूकही आपल्याच समाजातली असते.

आमचे म्हणणे इतकेच: राख तीच, धातू तोच. एके ठिकाणी त्याची चोरी होते, दुसऱ्या ठिकाणी दान होते. फरक पडतो तो आधी विचारण्याने आणि मागून चोख हिशेब देण्याने. आपल्या नगरपालिकांनी दहनाच्या अर्जात एक ओळ घालावी: देहातील धातूचे काय करावे? आणि आपणही त्याचे उत्तर घरच्यांना जिवंतपणीच सांगून ठेवावे. नेत्रदानाविषयी आपण घरात बोलू लागलोच आहोत. हेही त्याच ओघात बोलता येईल.