अभियांत्रिकीचा अभ्यास



१९५८ साली येथे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठास जोडलेली असत. आता अभियांत्रिकीही घरापाशी आली. तथापि शेत गहाण टाकून पाठविलेला मुलगा पहिल्याच वर्षी यामिकीत अडतो. आम्ही पडलो मॅट्रिक, तरी अशांच्या वह्या चाळल्या आहेत. जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरे मुखोद्गत. परंतु तुळईवरील भार मध्यावरून थोडा सरकविला, की दोन आधारांवर किती किती येतो हे सांगता येत नाही! त्याने आकृती स्वहस्ते काढून सर्व बले बाणांनी दाखवावीत, मगच समीकरण मांडावे. अनुत्तीर्ण विषय घरी लपविला जातो आणि पुन्हा परीक्षेस बसण्याच्या अर्जाची मुदत टळते. म्हणून वडिलांनी न रागावता सत्राच्या मध्यासच वही मागावी.